कॅप्टनच्या घराण्याची चौकशी

बलद, जेद्दा
शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४

चि. अरवाला अब्बाची दुआ.

पत्र पाहून लगेच हुरळून जाऊ नकोस. माझा राग गेलेला नाही. तुझ्याशी बोलणार नाही असं मी म्हटलं होतं आणि तो शब्द दोन वर्षं पाळलाय. लिहिणार नाही असं मात्र कधी म्हटलं नव्हतं, हे काल तुझ्या अम्मीने माझ्या ध्यानात आणून दिलं. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून इस्मत वकील झाली आहे. तर मी हाताने लिहीन आणि ती फोटो काढून तुला पाठवेल. तुला मराठी वाचायला मीच शिकवलंय, तेव्हा अक्षर लागलं नाही ही सबब चालणार नाही.

आता कामाचं. तू अम्मीला सांगितलंस की डिसेंबरात तू आणि तुझा नवरा उमऱ्याला येताय. अब्बा विमानतळावर घ्यायला आले तर आधी घरी येणार, नाहीतर परस्पर मक्केला जाऊन तिथूनच परत फिरणार. अम्मी म्हणते, ही अरवाची विनंती आहे. मला ती धमकी वाटते. माझ्याच पोटची आहेस, त्यामुळे धमकीची रीत ओळखीची वाटली.

मी येईन की नाही ते ठरवलेलं नाही. ठरवायला काही आधार पाहिजे. कोकणातल्या आपल्या खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या किती मुलींसाठी मी या मुलखात चौकशा केल्या ते तुला ठाऊक आहे. मुलगा जेद्द्यात असो नाहीतर दम्माममध्ये, स्थळ आलं की गावाहून फोन येतो, शौकतभाई, जरा बघून या. इथल्या आपल्या नौशादच्या भाचीसाठी तर मी बसने पार उत्तरेला तबूकपर्यंत गेलो होतो, आमच्या हॉटेलसाठी ब्लँकेटं बघण्याच्या निमित्ताने. मुलगा नमाजी, पगार चांगला, दिसायला राजबिंडा. मेसमध्ये त्याच्या शेजारी जेवायला बसलो. भात जरा गार होता, तर त्याने स्वयंपाक्याचे आईबाप काढले. मी मुकाट्याने जेवलो, हात धुतले आणि परतीची बस धरली. नौशादला म्हटलं, नको. ती मुलगी आज दापोलीत सुखाने नांदते आहे.

आणि माझ्या स्वतःच्या मुलीचा निकाह मला फोनवर कळला, तोही झाल्यावर. मुलीच्या बाजूने वली म्हणून बापाने उभं राहायचं, तिथे कुणी इमामसाहेब उभे राहिले. मुलगा परक्या मुलखातला आहे म्हणून मी रागावलोय असं तू समजतेस. तसं नाही. त्याने कलमा पढला, तो त्याच्या आणि अल्लाच्या मधला मामला आहे. पण ज्या कामासाठी सगळी जमात मला बोलावते, तेच काम तू मला तुझ्यासाठी करू दिलं नाहीस, याचं मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

तर ते आता करतो. मुलाचं नाव गाब्रिएल आरीस्पे, नोकरी गावच्या पाणीखात्यात, एवढं अम्मीकडून कळलं. घराणं? तुझ्या भावाला, मुआजला विचारलं. त्याने रियाधहून, बँकेतलं काम सोडून, इंटरनेटवरचं एक पान पाठवलं. तुम्ही राहता ते अमेरिकेतलं सांता ओलाया म्हणे कुणा कॅप्टन डॉन फेर्मीन आरीस्पे याने वसवलं. स्पेनच्या राजाचा लष्करी अधिकारी, पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा. आडनाव तेच, गाव तेच. हेच का घराणं? असेल तर चौकशी मुळापासून करतो.

तुझा
अब्बा


शुक्रवार, २० सप्टेंबर २०२४

चि. अरवाला दुआ.

तुझं उत्तर मिळालं. गावात आरीस्पे म्हटलं की लोक कॅप्टनचंच नाव घेतात, असं तू लिहिलंस आणि सोबत म्युझियमची पुस्तिका पाठवलीस. पुस्तिका इंग्रजीत. मला हॉटेलपुरतं इंग्रजी येतं, त्यात टॉवेल आहेत, चेक-आउट आहे, घोडदळ नाही. म्हणून मुआज रोज संध्याकाळी फोनवर वाचून दाखवतो. आधी कुरकुरत होता, आता त्यालाच गोडी लागली आहे. परवा ऑफिसातून फोन करून विचारत होता, अब्बा, कल रात गव्हर्नर ने क्या बोला था?

गव्हर्नर जे बोलला त्यावरूनच हा माणूस मला आवडला. कॅप्टनला वसाहत करायची होती तुमच्या त्या मोठ्या नदीच्या काठी, जिथे उतार आहे आणि घोड्यावरून पलीकडे जाता येतं. गव्हर्नरचं म्हणणं, तिथे नको, उत्तरेला दुसरी नदी आहे तिथे जा. कॅप्टनने नाही म्हटलं नाही. तो गेला, ती नदी नीट पाहिली, परत आला आणि म्हणाला, साहेब, पाहिली, पण गाव उताराशीच होईल. वरच्याचा मान राखायचा आणि करायचं आपल्याला पटेल तेच. माझ्या अरब मालकाबरोबर, कफीलबरोबर, मी सगळी नोकरी अशीच केली आहे.

दुसरी गोष्ट त्याहून बरी. जमीन वाटली तेव्हा प्रत्येक घराला लांबच लांब, अरुंद पट्टी दिली, आणि प्रत्येक पट्टीचं एक टोक नदीला. म्हणजे पाणी सगळ्यांचं. आपल्या खाडीवर वाड्या कशा आहेत आठवतं? डोंगरापासून पाण्यापर्यंत एकेकाची पट्टी, वर काजू, मधे घर, खाली नारळ आणि होडी. हे मी अम्मीला सांगितलं तर म्हणाली, मग जावयाला आपलं गाव परकं वाटायचं नाही. मी म्हटलं, जावई म्हणायची घाई करू नकोस.

कारण हे झालं कागदावरचं. कागदावर तबूकचा मुलगाही उत्तम होता. चौकशीला गेलं की मी नातेवाइकांना काही विचारत नाही, ते तारीफच करणार. कपडे धुणारा, डबा आणणारा, गाडी चालवणारा, यांना विचारतो. माणूस खालच्याशी कसा वागतो त्यावरून तो बायकोशी कसा वागेल ते कळतं. आता कॅप्टनच्या धोब्याला मी कुठून गाठू? पुस्तिकेत घोड्यांचा आकडा आहे, मेंढ्यांचा आहे, नोकरांचं नाव नाही.

तिथे थंडी पडायला लागली का? तुझा हिरवा स्वेटर इथेच कपाटात आहे. मी सहज विचारलं.

अब्बा


शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

चि. अरवाला दुआ.

परवा व्हिडिओवर तू खोकत होतीस. मी ऐकत नव्हतो, पाणी प्यायला उठलो होतो. अम्मीचं म्हणणं आहे की तिचा फोन वाजला की मला हमखास तहान लागते. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. आलं आणि मध घे.

एक गंमत सांगतो. आपल्या बलदमध्ये आता टुरिस्ट यायला लागलेत. जुनी घरं रंगवली, गल्ल्या स्वच्छ केल्या, आणि माझ्या हॉटेलात हाजींच्या खोल्यांमधे गोरी माणसं राहायला लागली. गेल्या आठवड्यात एक म्हातारी बाई आली, पासपोर्ट स्पेनचा. मी चावी हातात ठेवायच्या आधी विचारलं, मॅडम, कॅप्टन फेर्मीन आरीस्पे, यू नो? फॅमिली गुड?

तुला हसू येईल. पण रत्नागिरीचा माणूस भेटला की आपण विचारतोच ना, अमक्याला ओळखता का? आणि तो ओळखतोच. मला वाटलं, स्पेनचंही तसंच असेल. बाईंनी विचारलं, त्यांनी इथे कधी रूम घेतली होती? मी म्हटलं, नाही, ते वारले, सतराशे ऐंशीत. ती बाई काउंटर धरून हसली. मग मी तिला सगळं सांगितलं, तुझं, निकाहाचं, चौकशीचं. हसायची थांबली. खुर्ची ओढून बसली. म्हणाली की तिचाही मुलगा दूर आहे आणि त्याच्या बायकोचं आडनाव तिला धड उच्चारता येत नाही. जाताना तिने तुझं नाव विचारलं आणि दोनदा म्हणून पाहिलं. तिला ते चांगलं जमलं.

आता खरी बातमी. काल जुम्म्यानंतर नेहमीप्रमाणे शराफिया मोहल्ल्यात जमातीच्या खोलीवर जमलो होतो, आपल्या गावचे आणि पलीकडच्या तीरावरचे. गेली दोन वर्षं कुणी ना कुणी विचारतं आणि मी विषय बदलतो, पापलेटच्या भावावर जातो. काल नौशादने सगळ्यांसमोर विचारलं, "शौकतभाय, जावय खंयचा हाय, ता सांगशील तरी?"

मी सांगितलं. म्हटलं, जावई अमेरिकेतला, पण घराणं जुनं. ज्याने नदीवर गाव वसवलं त्या कॅप्टनच्या घरातला. गव्हर्नरची गोष्ट सांगितली, पट्ट्यांची सांगितली. आमच्यातल्या वडीलधाऱ्या इब्राहीमचाचांनी सगळ्यांसाठी कुनाफ्याची मिठाई मागवली आणि म्हणाले, शौकतने दुनियेची स्थळं बघितली, अल्लाने त्याच्यासाठी स्वतः बघितलं. अरवा, दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत ताठ मानेने बसलो.

विमानतळाचं अजून ठरलेलं नाही. पण अम्मीने पाहुण्यांच्या खोलीचे पडदे धुवायला काढलेत आणि मी तिला अडवलं नाही.

अब्बा


शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

अरवा,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तर दिलं नाही. आज अम्मीने पेन हातात दिलं.

तू लिहिलंस की गाब्रिएल कॅप्टनच्या वंशातला नाही. त्याच्या मूळ पुरुषाला कॅप्टनच्या शिपायांनी नदीवरच्या मूळ रहिवाशांच्या एका वस्तीवर धाड घालून आणलं, तेव्हा तो लहान पोर होता. तो कॅप्टनच्या घरी कामाला राहिला, त्याला बाप्तिस्मा दिला, कॅप्टनचं आडनाव दिलं, आणि मोठा झाल्यावर पावसाळ्यात उतार बुडाला की तो लोकांना होडीतून पलीकडे सोडायचा. त्याच्या आईने ठेवलेलं नाव कुणालाच माहीत नाही. गाब्रिएलच्या आजीने त्याला हे सांगितलं, तिला तिच्या आजीने.

मग आधी का नाही सांगितलंस? मी शराफियात सगळ्यांना सांगून बसलो. कुनाफा खाऊन झाला. आता कोणत्या तोंडाने जाऊ? गेले दोन जुम्मे मी डोकं दुखतंय म्हणून घरीच बसलो, आणि नौशाद घरी येऊन बाम देऊन गेला.

तू लिहितेस, खरं कळलं तर अब्बा लिहायचं थांबवतील, म्हणून सांगितलं नाही. ते वाचल्यावर मला पुढचं वाचता आलं नाही. चष्मा पुसत होतो असं अम्मीला सांगितलं. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

आज इतकंच. आणखी काही लिहिलं तर चिडून लिहीन, आणि मला तुझ्यावर चिडायचं नाही.

अब्बा


शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

चि. अरवाला पोटभर दुआ.

तुझं ते पत्र मी पुन्हा काढून वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी माझ्या अब्रूकडे पाहत होतो, म्हणून त्यातलं एक वाक्य नजरेतून निसटलं होतं. तू लिहिलंस की तू अजूनही सांगणार नव्हतीस. गाब्रिएलनेच आग्रह धरला. तो तुला म्हणाला, तुझे वडील माझी चौकशी करताहेत, आणि चौकशीत मुलाकडच्यांनी खोटं बोलायचं नसतं.

अरवा, एवढी वर्षं मी हे काम करतो. मुलाकडच्यांनी पगार वाढवून सांगितलेला पाहिला, भाड्याचं घर स्वतःचं म्हणून दाखवलेलं पाहिलं, एकाने तर मित्राची गाडी दारात उभी केली होती. स्वतःहून, कुणी न विचारता, आपल्याला खाली आणणारी गोष्ट सांगणारा मुलगा मला आजवर भेटला नाही. आणि मी तर त्याला आयतं कॅप्टनच्या घोड्यावर बसवून अख्ख्या शराफियातून मिरवलं होतं. नुसता गप्प बसला असता तरी विमानतळावर हार घेऊन आलो असतो. तो घोड्यावरून खाली उतरला.

कॅप्टनचं स्थळ मी नाकारलं आहे. त्याने गाव वसवलं हे खरं, हिंमत होती हेही खरं. पण आईजवळचं पोर उचलून आणायचं, त्याचं नाव पुसायचं आणि त्याला घरात राबवायचं, असल्या घरात मी माझी मुलगी दिली नसती, मग राजाने वरून शंभर पट्ट्या दिल्या तरी. मी पुस्तिकेत नोकरांची नावं शोधत होतो. ज्याला गाठून विचारावं असं मला वाटत होतं, तो माणूस तुझ्याच घरातला निघाला. आणि त्याच्या घरी गोष्ट खरी सांगायची पद्धत आहे, पिढ्यान् पिढ्या.

मी त्या पोराचा फार विचार करतो. मीसुद्धा इथे दुसऱ्याच्या नावाखाली राहतो, इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर, कफीलचं नाव आहेच. पण मी माझ्या पायाने आलो, पगार घेतला, सुट्टीला गावी गेलो, आणि माझी आई मला शौकत म्हणूनच हाक मारायची. त्याच्या दुःखाशी माझी बरोबरी नाही. अम्मी नमाजनंतर त्याच्यासाठी दुआ मागते. नाव माहीत नाही तर काय म्हणतेस असं मी विचारलं. म्हणाली, अल्लाला माहीत आहे.

आज शराफियात गेलो. नौशादचा बाम खिशात होता, लागला तर. सगळे जमल्यावर मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझा जावई कॅप्टनच्या घरातला नाही, कॅप्टनच्या नोकराच्या घरातला आहे. त्याचा मूळ पुरुष होडी चालवायचा. हे मला जावयाने स्वतः कळवलंय, आणि तो मला पसंत आहे."

इब्राहीमचाचा चहाकडे बघत राहिले. मग नौशाद म्हणाला, "होडीवाला ना? मग आपून तरी कोन होतो रे? तांडेलच ना?"

इब्राहीमचाचांचे आजोबा तांडेल होते, मुंबईपर्यंत गलबत न्यायचे, आणि गेली कित्येक वर्षं चाचा आपण अरबांचे वंशज असल्याचं सांगतात. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, वलीमा कधी? तुझ्या लग्नाचं जेवण जमातीला मिळालेलं नाही, हे त्यांच्या बरोबर लक्षात होतं. मी म्हटलं, डिसेंबरात, ते दोघं आल्यावर. तारीख मी तुला न विचारता सांगून टाकली. बिर्याणी आमच्या हॉटेलातला स्वयंपाकी शारीक करणार आहे. तुझ्या नवऱ्याला तिखट चालतं का ते कळव.

तर चौकशी संपली. मुलगा चांगला आहे. तू न विचारता केलंस ते मला अजून टोचतं, आणि बहुधा टोचत राहील, पण निवड तुझी चुकली नाही. बापाची परीक्षा बघणारी मुलगी आणि माझ्या चौकशीत पास झालेला एकमेव खरं बोलणारा मुलगा, दोघांना घ्यायला मी विमानतळावर येतोय.

तुमचा
अब्बा


गुरुवार, १९ डिसेंबर २०२४

चि. अरवा आणि चि. गाब्रिएल, दोघांना दुआ.

तुमचं विमान निघालं असेल. हे तुला इस्तंबूलला उतरल्यावर मिळेल. गाब्रिएलला वाचून दाखव, तो समजेल अशा भाषेत.

अम्मी सकाळपासून स्वयंपाकघरात आहे. मुआज रियाधहून गाडी चालवत आला आहे आणि आल्यापासून झोपला आहे. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय. विमानाला अजून खूप वेळ आहे, हे अम्मीने मला सांगून झालंय.

एक अडचण आहे, ती तुलाच सांगता येईल. दोन वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतो, दररोज ऐकत होतो, पण बोललो नाही. आज सकाळी आरशासमोर उभा राहून काय म्हणायचं ते ठरवायला गेलो तर नुसता शर्टाची बटणं लावत आणि काढत राहिलो. दरवाजातून तू बाहेर येशील, मी समोर असेन, आणि माझ्याकडून एक शब्द निघाला नाही तर तुला वाटेल अब्बा अजून रागावलेत.

राग नाही गं. मला तुझी फार आठवण आली. सुरुवात मात्र मला जमणार नाही. तू लांबूनच मला हाक मार, मोठ्याने, लोक बघतील याची पर्वा करू नकोस. एकदा हाक ऐकली की पुढचं मी बोलेन.

अब्बा